साठचा बल्ब

द्राक्षाच्या खोक्यात अकरा पिल्लं,
खाली भाताचं तूस, वर साठचा बल्ब.
पाण्याच्या बशीत गोट्या.
मुश्ताकने जिंकलेल्यातल्या दिल्या,
पिल्लं बुडू नयेत म्हणून.

निफाडचा पारा आज चारावर.
बागाबागांतून लोक घडांसाठी शेकोट्या पेटवतायत.
अडीचला लाईट गेली.

रौशनबी उठली.
सरबताच्या बाटलीत कढत पाणी भरलं,
वर नवऱ्याचा लोकरी मोजा चढवला,
खोक्यात आडवी ठेवली.
पिल्लं सरकत सरकत मोज्याला टेकली,
कोण समजून कोण जाणे.

उजाडता डालग्याखालची तांबडी ओरडली.
तिला मक्याची कणी टाकत रौशनबी म्हणाली,
"तुझी नव्हेत गं. पण बघून घे."

खोक्यावर छापलंय : निर्यातीसाठी.
आत मोजली. अकरा.

मुश्ताक डोळे चोळत विचारतो,
गोट्या परत कधी?