चार तास

गुऱ्हाळाच्या काहिलीत कोपरापर्यंत हात.
उदगीरहून लातूरला आणला तेव्हा
गुरुलिंगच्या अंगाला अजून गुळाचा वास होता.

चाकू नको, डॉक्टर म्हणाले,
अननसाच्या देठातला लेप लावू. चार तास.
मेलेलं तेवढंच खातो.

"त्याला कसं कळतंय ओ सिस्टर,"
शिवकांतानं विचारलं,
"कुठवर मेलंय, कुठून जितं?"
मी सलाईनचे थेंब मोजत राहिले.
दारात तिचा सासरा,
उपरण्यात गुळाचा खडा,
कुणाला द्यावा कळत नव्हतं त्याला.

पहाटे लाकडी पट्टीनं पुसलं.
काळं, चिकट, पाकासारखं
ट्रेमध्ये उतरलं.
खाली गुलाबी,
त्यावर टाचणीएवढे लाल ठिपके.

"रक्त!" ती ओरडली.

हो बाई, रक्त.
येऊ दे.