सत्तेचाळीस नंबरची नळी

ग्लिवित्सेच्या इस्पितळात, तळघरात, माझं टेबल.
वर किरणांचं यंत्र फिरतं. खाली माझ्याकडे
फक्त नळ्या येतात, लाल टोपणाच्या,
नाव खोडलेल्या, नंबर घातलेल्या.
माणूस कळू नये असा नियम आहे.

पण सत्तेचाळीस स्वतःच जिना उतरून आला होता,
हातात चिठ्ठी, वाट चुकून.
एर्विन शोल्तिसेक. एकोणतीस वर्षं कोळशाच्या खाणीत,
आणि खाणीच्या बँडमध्ये ट्यूबा.
"डाव्या फुफ्फुसात आहे," म्हणाला,
बिऱ्हाड बदलल्याचा पत्ता सांगावा तसं.
मग, जरा थांबून:
"वाजवण्यापुरता श्वास ठेवतील ना ती किरणं?"
मी म्हटलं, डावीकडे वळा, लिफ्टनं वर.

सेंट्रिफ्यूज घरघरतं. लाल खाली बसतं,
वर उरते ती निवळ, लिंडेनच्या चहासारखी.
उपचाराआधी एकदा, तिसऱ्या आठवड्यात एकदा, शेवटी एकदा.
सगळं उणे ऐंशीत.
दोनशे जणांचं जमेपर्यंत
कुणाचंच उघडायचं नाही.

फुफ्फुसातल्या पेशी दुखावल्या की एक प्रथिन
त्यांच्या अंगावरून झडतं, रक्तात उतरतं.
के-एल-सहा.
लॉजमधल्या खोलीचा नंबर वाटावा असं नाव.
खोकला सुरू व्हायच्या आधी,
स्कॅनमध्ये धुकं धरायच्या आधी
त्याला कळतं, म्हणे.
'म्हणे' लिहिते,
कारण डॉक्टर व्हिएन्चेकबाईंनी बजावलंय,
सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही.

फेब्रुवारीत तो लिफ्टपाशी दिसला, चाकाच्या खुर्चीत,
स्टेरॉइडनं गोल झालेला चेहरा, नाकात नळी.
मला ओळखलं. बोलला नाही,
श्वास हिशेबानं खर्चत होता.
उजव्या हाताची तीन बोटं तेवढी हलवली,
ट्यूबाच्या तीन कळांवर असतात तशी.

जूनमध्ये फ्रीजर उघडला.
सत्तेचाळीस: आधी तीनशे दहा.
तिसऱ्या आठवड्यात आठशे नव्वद.
म्हणजे ऑक्टोबरातच.
तो खालच्या अंगणात उभा राहून सिगारेटवाल्यांना
खाणीतले विनोद सांगत होता, तेव्हाच.
माझ्या हाताच्या अंतरावर,
माझ्या डब्याच्या कपाटाशेजारी
ते गोठून पडलं होतं आठ महिने.
वरातीमागून घोडं, आणि घोड्याची लगाम माझ्याच हातात.

घरी जाऊन सांगणार होते कुणाला तरी.
पण मग एकशे बाराची नळी लावली.
नऊशे चाळीस.
नियम मोडला, शोध घेतला:
झाब्झेची एक बाई, माळ्यावर कबुतरं पाळते,
दिवसातून दोनदा शिडी चढते,
साधा खोकलासुद्धा नाही.

तर मग ऑक्टोबरात मी त्याला काय सांगितलं असतं?
किरण थोडे कमी करा? आणि गाठ?
गाठीनंही ऐकलं असतं का ते?

चार डिसेंबर, संत बार्बराचा दिवस.
पहाटे सहाला बँड वस्तीतून फिरतो, जुन्या रिवाजाप्रमाणे.
खिडकी उघडली. थंडीत पितळ वाफाळत होतं.
ट्यूबा कुठल्याशा पोरसवदा मुलाच्या खांद्यावर,
आणि मागे, सगळ्यांच्या मागे,
एर्विन, हातात झांज.
एकदा वाजवायचा, मग थांबायचा.

दोन ठोक्यांमधलं अंतर मी मोजलं. सवय.
कशाशी ताडून पाहायचं
ते मला माहीत नव्हतं.