चित्ती

सावद्याला, नेहेतेंच्या केळी पिकवायच्या कोठीत
मी अंशांचा हिशेब ठेवतो.
आज सतरा, उद्या साडेसोळा, मध्ये गॅस,
चौथ्या दिवशी दार उघडलं की हिरव्याचं पिवळं.
चित्ती पडली की माल गेला.
व्यापारी बोट ठेवतो एका ठिपक्यावर
आणि पेटीमागे चाळीस कापतो.

घरी मी चित्तीच पाळलीय.

चार वर्षांची मादी, पिकल्या केळाची कांती,
अंगभर काळे ठिपके, अंगठ्याएवढी जाड शेपटी.
पुण्याहून आणली, कागदपत्रांसकट.
शेजारच्या फिरकेकाकू काचेशी वाकल्या :
"काह्याले पायली रे पाल? भितीवर कमी आहेत का?"
काकू, भिंतीवरचीला पापणी नसते. ही बघा.
चित्तीने खरंच डोळे मिटले, सावकाश,
पंगतीतून उठलेल्या माणसासारखे.
काकू दोन पावलं मागे, मग एक पुढे.
"माय वं," म्हणाल्या, "लाजली."

गव्हाच्या कोंड्यात अळ्या, तुपाच्या बरणीत रातकिडे.
बरणी ओट्यावर ठेवायची नाही, ही ज्योत्स्नाची अट.
पण कॅल्शियमच्या भुकटीत रातकिडे तीच घोळवते,
करंज्यांवर पिठीसाखर भुरभुरावी तशी,
आणि तोंडाने काहीतरी पुटपुटते, मला ऐकू येत नाही.

एप्रिलात दोन अंडी. खारकेएवढी, हाताला मऊ.
टिश्यूच्या रोपांतून उरलेल्या कोकोपीटमध्ये अर्धी पुरली,
वर पेन्सिलने बारीक फुली : ही बाजू वर.
उलटलं तर आतला जीव बुडतो.
थर्मोकोलच्या डब्याला बल्ब लावा, ऊब द्या, असं जगभर सांगतात.
सांगणाऱ्यांनी सावद्याचा मे काढलेला नाही.
इथे ऊब फुकट, गारवा विकत.

सत्तावीसला माद्या, बत्तिसाला नर.
पुण्याचा माणूस फोनवर : "माद्याच काढा, दादा.
नर एक पुरतो. मादीला दुप्पट भाव."
मी तेव्हा दवाखान्यात, वहिनीच्या तपासणीला.
समोर पाटी : इथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
पाटीखाली बसून
मी डब्याचा काटा मनात सत्तावीसवर आणत होतो.

बावीस मे. बाहेर सेहेचाळीस. दुपारी डीपी जळाली.
कोठीला जनरेटर आहे. केळ्यांना आहे.
पण तिथे सतरा, आणि तो गॅस.
डब्यात तीस. एकतीस. साडेबत्तीस.
बर्फवाल्याने शटर आतून लावलेलं.
ज्योत्स्नाने माठ उचलून बाजूला ठेवला,
माठाखालच्या ओल्या वाळूत मनगटापर्यंत हात घातला,
म्हणाली, "इथं."

डबा वाळूत रोवला, वर ओला पंचा.
रात्रभर वाळूला पाणी, तिने तांब्याने, मी वाटीने,
फुली हलू न देता.
माठ कोमट होत गेला, आम्ही तेच प्यालो.
पहाटे पंखा फिरला तेव्हा काटा एकोणतीसवर.
मधे कुठे कुठे जाऊन आला, कोण जाणे.
वहीत त्या रात्रीची ओळ कोरी आहे,
माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत अशी ओळ नाही.

जूनच्या चारला एक अंडं खपाटीला गेलेलं.
दुसऱ्याला घाम फुटला होता, थेंब थेंब.
मग एक चीर. चिरेतून नाक.
नाक तासभर नुसतं श्वास घेत राहिलं.
कोठीतून दोनदा फोन आला, उचलला नाही.

निघालं ते ठिपक्यांचं नव्हतंच. काळे-पिवळे पट्टे, आडवे.
ठिपके नंतर पडतात, वय झालं की.
"काय निघालं?" पुण्याहून विचारलं.
निघालं, म्हटलं.
"नर का मादी?"
ते महिन्यांनी कळेल. मला घाई नाही.

झाकण काढलं तर बोटाएवढं ते चार पायांवर ताठ झालं,
शेपूट उभारली,
आणि माझ्यावर जोरात ओरडलं.