ओळख देणार

समाजमंदिरात तीन दिवस वर्ग भरला.
पडद्यावर चक्रवाढ व्याजाचं झाड,
फांदीला फांदी फुटत चाललेली.
पुण्याहून आलेल्या बाईंनी विचारलं,
महिन्याला शेकडा दोन, तर वर्षाला किती?
सगळ्यांच्या आधी मी म्हणाले, चोवीस,
आणि थकवलं तर सव्वीसच्याही पुढं.
बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला
आणि प्रमाणपत्र: अक्काताई ऐवळे, उत्तीर्ण.

नंतर दीड वर्ष
माझे पैसे त्याच डब्यात राहिले.

बँक लांब नव्हती.
हळदीच्या यार्डातून बाहेर पडलं,
वजनकाटा ओलांडला की समोर. काचेचं दार.
ते ढकलायचं की ओढायचं
एवढं वर्गात राहून गेलं होतं.
एकदा गेले. स्लिप कशी भरायची, सगळं आठवत होतं,
पण खिडकीतल्या साहेबांनी मान वर केली
आणि माझं लक्ष गेलं माझ्याच नखांवर,
पिवळीधम्मक.
म्हटलं, उद्या येऊ.

जैतून मुल्ला वर्गाला आलीच नव्हती.
त्या आठवड्यात तिला नातू झाला.
शेकडा म्हणजे किती, यावर ती अजून अडते,
सहीच्या जागी अंगठा देते.
पण तिच्या भाच्याची सासू त्या बँकेत झाडू मारते
आणि भोसगे साहेबांच्या आईला
निवडक हळकुंडं पोचवते ती जैतूनच.
पोतं शिवता शिवता, सुई दातात धरून म्हणाली,
"एवढं येतंय तुला, आन् डब्यात ठेवतीस?
चल. मी हाय की."

मी हाय की.
पडद्यावर हे कुठंच आलं नव्हतं.

फॉर्मवर एक चौकट होती: ओळख देणार.
तिथं जैतूनचा अंगठा उठला, निळा आणि थोडा पिवळा.
मशीनला मात्र माझं बोट पटेना.
बावीस वर्षं हळकुंडं घासली,
रेषा त्यांच्याबरोबर पॉलिशमध्ये गेल्या.
पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न करा.
जैतून काउंटरवर रेलली,
"त्ये वळखत नसंल, साहेब, मी वळखते.
पुरात एका माडीवर नऊ दिवस काढल्यात आम्ही,
एका पातेल्यात."
भोसगे हसले, डोळ्याचं मशीन मागवलं.

मग मी तिचं देणं फेडलं.
तिच्या पाटल्या सराफाकडं, महिन्याला शेकडा तीन.
मी पोत्यावर खडूनं मांडून दाखवलं,
ती बघत राहिली, म्हणाली,
"माझ्या धाकटीचं लगीन झालं असतं गं एवढ्यात."
पाटल्या बँकेच्या तिजोरीत गेल्या. तिच्या मागून शेवंता,
शेवंतामागून तिची जाऊ,
भिशीतल्या अकराजणी एकमेकींचा पदर धरून
त्या काचेच्या दारातून आत.

बारावी कमल वाघमोडे.
पहिली भिशी उचलली आणि दोन हप्ते बुडवले.
तिला कुणी वाईट बोललं नाही.
डबा सोडताना फक्त
गोल थोडा लहान व्हायला लागला.
तिच्या फॉर्मवर ती चौकट तेवढी कोरी,
चार महिने, घडीवर घडी पडून फाटायला आलेली.

आता खरं सांगते.
वर्गात कमल माझ्या शेजारी बसली होती.
सव्वीसच्याही पुढं, हे तिनं
माझ्या कानात सांगितलं होतं.
स्वतः बोलली नाही. हात वर करायची सवय नव्हती.
डबा मी घेऊन आले.

काल दुपारी दोघी गेलो.
दार ढकलायचं असतं.
जैतून म्हणाली होती, बुडवलं तर तुझं नाव जाईल.
जाईल.
काउंटरवरचं पेन दोरीनं बांधलेलं,
दोरी आखूड, फॉर्मपर्यंत पुरेना.
कमलनं कागद अलीकडं सरकवला,
मी खांदा तिच्या खांद्याला लावला,
आणि तेवढ्यात ते पुरलं.