शेतकी अवजार, एक नग

ऐकायचंच असेल तर आधी पेटीवरचं लक्ष काढा.
पेटी सगळ्यांनाच ऐकू येते.
ढोलकही राहू द्या, तो आपलं बघून घेईल.
मागे, डाव्या अंगाला,
कुणीतरी नळाच्या पाइपावर चमचा मारतंय असं वाटेल,
तिथे कान न्या.

तो बिसेसर रामधनी. माझा आजा.
द हेगच्या ट्राम डेपोत एकतीस वर्षं
चाकांखाली उताणा पडून काढलेला माणूस.
हातात दंताल. म्हणजे छातीएवढा लोखंडी गज
आणि घोड्याच्या नालासारखा वाकवलेला तुकडा.
सूर एकच. तोही कुठला, यावर
आमच्या घरात एकमत नाही.

सुरिनाममध्ये, कोमेवैनेच्या काठी, उसाचा मळा होता.
तिथल्या बैलगाडीचा हा आस.
बैल मेले,
करारावरचे अंगठे पुसट झाले,
मळ्यावर जंगल परत आलं,
गाडीची फळकुटं कुणाच्या तरी चुलीत गेली.
आस तेवढा राहिला.
आज्याच्या आज्याने तो उचलला
(चोरला म्हणा. मालकाचं अजून काही देणं निघत असेल
तर पत्ता देते).

पंच्याहत्तर साली, स्वातंत्र्याला पंधरा दिवस उरले
आणि अर्धी गल्ली विमानात बसली.
आजीने लोणच्याची बरणी घेतली, पोथी घेतली,
आज्याने धोतरात गुंडाळून हा.
स्किपोलला टेबलापलीकडचा गोरा पोरगा
एकदा गजाकडे बघे, एकदा आज्याकडे.
हत्यार?
नाही.
मग?
आज्याला डच येत होतं, चांगलं येत होतं,
पण या वस्तूपाशी येऊन ते संपलं.
म्हणून तो तिथेच फरशीवर मांडी घालून बसला,
गज उभा धरला,
डावी मूठ सैल केली,
आणि वाजवला.

अशा गोष्टीत इथे लोक टाळ्या वाजवतात.
तसं काही झालं नाही.
मागच्या रांगेतली बाई म्हणाली, आटपा हो,
पोर उभ्या उभ्या झोपलंय.
पोरग्याने फॉर्मवर लिहिलं :
शेतकी अवजार, एक नग.
शिक्का मारला.
आजा अजून म्हणतो, सरकारकडून
इतका खरा कागद मला पुन्हा मिळाला नाही.

मी तो आवाज तळघरात रेकॉर्ड केला,
सायकली बाहेर काढून, बॉयलर बंद करून.
संगणकाच्या रेघांवर त्याचा घाव
दर वेळी केसभर मागे पडतो.
एकदा सगळे घाव रेघेवर आणून पाहिले.
ट्राम झाली त्याची.
गुपचूप परत जिथल्या तिथे ठेवले.

बास वाजवायला रुथमिला येते, कुरासावची.
तिने गज पाहिला, बोटाने टिचकी मारली
आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून
कुदळीचं पातं घेऊन आली.
आमच्या बेटावर हे वाजवतात, म्हणाली.
कुणाची कुदळ, आज्याने विचारलं.
पणजीची. तिच्या आईची असेल. तेव्हा
त्यांच्या नावावर काहीच नव्हतं,
त्या स्वतःसुद्धा नव्हत्या.
आजा बराच वेळ पातं उलटंपालटं करत राहिला.
धार गेलीय, म्हणाला.
वाजते तिथे नाही, ती म्हणाली.
मग दोघं गंजाबद्दल बोलत बसली,
खोबरेल लावावं की रॉकेल,
आणि मला कॉफी करायला पिटाळलं.

तर, तिसऱ्या मिनिटाच्या आसपास
दंताल एकदम गप्प होईल.
तुमचा स्पीकर बिघडलेला नाही.
आज्याचा खांदा भरून येतो,
तो नाल या हातातून त्या हातात घेतोय.
खोकतोही जरासा. कापलं नाही मी ते.
तेवढा वेळ
कुदळ एकटी चालते.