नग सत्तेचाळीस

ठकूबाईच ही, असं आत्या म्हणते.
पुरावा काय? डाव्या खांद्याचा कल,
तांबट आळीतल्या आमच्या सगळ्या बायकांचा.
खाली नाव नाही. खाली लिहिलंय :
नाशिक. तांबट स्त्री, नमुना. नग सत्तेचाळीस.
आणि कोपऱ्यात, बारीक : मिसेस प्रिंगल यांनी घेतले.

घरात गोष्ट उरली ती एवढीच :
मडम तिपाई घेऊन गंगेवर आली, उन्हं वर आल्यावर.
ठकूनं पहाटेच घागर घासलेली,
चिंच, राख, मग नुसती बोटं;
कुणी छबी काढणार म्हटल्यावर भांडं लखलखीत हवं ना.
मडम म्हणाली, चमक नको.
चमक काचेला खाते. चिखल फास.
नथ काढ. पदर असा नको, तसा. हसू नको.
बारा आकडे होईस्तोवर श्वाससुद्धा नको.

ठकूनं फासला.
सासऱ्यानं आठ दिवस मठारलेल्या त्या अंगावर
नदीचा गाळ.
फक्त तळहाताएवढी जागा, मडमेकडची,
विसरली.
विसरली म्हणे.

फोनवर दोन बोटं ताणून
मी तीच जागा जवळ आणते.
ठोक्याठोक्यात एकेक मडम,
मुगाएवढी, काळ्या फडक्यात डोकं खुपसलेली.
मागे छत्री धरून कुणी पोरगा,
तो तर कुठल्याच घरात उरलेला नाही.
तिच्या काचेत ठकू उलटी असणार,
पाय आभाळात, गंगा डोक्यावर.
हिच्या तांब्यात ती सुलटी.
वीस-पंचवीस मडमा, सगळ्या एकदम वाकलेल्या.

रागवायलाच बसले होते मी.
मग दिसलं, प्रिंगल हे नावही नवऱ्याचंच.
औषधांनी काळी पडलेली बोटं
ती जेवणाच्या टेबलावर हातमोज्यात लपवत असेल.
म्हणून बरोबरी झाली, असं नाही.
श्वास कुणी धरायचा ते तिनं ठरवलं.
नग लिहायची दौत तिची होती.

घागर प्लेगच्या साली मोडीत गेली.
वितळताना त्या मडमा कुठे गेल्या,
कुणाच्या लोट्यात, कुणाच्या बंबाच्या बुडाला,
आत्याला विचारलं, तर म्हणते,
ते जाऊ दे. आठ आणे ठरले होते,
आधी दिले की नंतर?
बघ ना नीट, मूठ मिटलेली आहे का.

मी पुन्हा बोटं ताणते.
मुठीपाशी नुसते चौकोन.