खोकल्याच्या दिशेनं

नाशिकच्या सिव्हिलात डॉक्टरनं विचारलं,
बिडी किती वर्षं?
आई हसली, हसता हसता
खोकल्यानं वाकली.
बिडी न्हाई साहेब, चूल.
लग्नापासनं.

त्यानं लिहायचं थांबून
पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

आमच्या घरात अंधारातही कळायचं
आई कुठं आहे.
गोठ्याशी दोनदा, विहिरीवर एकदा,
पहाटे चुलीपुढे तर मोजायचाच नाही.
शाळेतून येताना मी
खोकल्याच्या दिशेनं चालायचे.

आता ओट्यावर शेगडी.
निळा जाळ, त्याला फुंकर लागत नाही.
नागलीची भाकरी फुगते,
पण बा म्हणतो, चव कुठं गेली?
आई म्हणते,
ती माझ्या छातीत राहिली.

सुरगाण्याहून टाकी येते तेव्हा येते.
नाही आली की
सागाच्या काटक्या, फुंकणी,
आणि तिसऱ्या दिवशी
ती जुनी, ओळखीची हाक.

परवा मध्यरात्री जाग आली.
घर गप्प.
चाचपडत गेले, तिच्या नाकाशी
बोट धरलं.
श्वास चालू होता.
सरळ, लांब,
कुणा दुसऱ्याच बाईचा असावा तसा.